बीएके१ दोघांना लागतो, म्हणून काय ठरवतो तो?

एफएलएस२ आणि बीआरआय१ हे झाडाच्या पेशीच्या पृष्ठभागावरचे दोन रिसेप्टर, म्हणजे बाहेरचा संदेश पकडणारी प्रथिनं, आणि बीएके१ हे दोघांनाही लागणारं तिसरं प्रथिन. एफएलएस२ बहुतेकांना पाठ असतो, बॅक्टेरियाच्या शेपटीतल्या फ्लॅजेलिन या प्रथिनाचा २२ अमिनो आम्लांचा तुकडा (एफएलजी२२) पकडायचा आणि झाडाची इम्युनिटी जागी करायची, संपलं. बीआरआय१ ब्रासिनोस्टेरॉइड पकडतो, ते वाढीचं हॉर्मोन, आणि तो बिघडला की अराबिडॉप्सिसचं (प्रयोगशाळेतलं नेहमीचं छोटं झाड) रोप बुटकं, गडद हिरवं राहतं. बांधणी दोघांची तीच, पेशीबाहेर ल्युसीन-रिच रिपीट्स (ल्युसीन हे अमिनो आम्ल भरपूर असलेले, पुन्हा पुन्हा येणारे तुकडे) आणि आत कायनेज (दुसऱ्या प्रथिनांना फॉस्फेट जोडून संदेश पुढे नेणारा भाग). कोणात किती रिपीट्स ते घोकत बसू नका, तिथे कोणी अडखळत नाही.

अडखळतात ते बीएके१ वर. हा २००२ मध्ये बीआरआय१ चा जोडीदार म्हणून सापडला, नावही त्यावरूनच पडलं (बीआरआय१-असोसिएटेड कायनेज १), आणि २००७ मध्ये कळलं की एफएलएस२ ला पण हाच लागतो. झालं, तेव्हापासून प्रत्येक स्लाइडवर मधोमध बीएके१, एक बाण वाढीकडे एक इम्युनिटीकडे, आणि खाली "बीएके१ ठरवतो". अहो काही ठरवत नाही तो! बँकेच्या लॉकरला दोन चाव्या लागतात ना, बँकेची चावी सगळ्या लॉकरना तीच, पण उघडणार कुठला ते तुमच्या चावीवर. बीएके१ ही बँकेची चावी, तुमची चावी म्हणजे एफएलएस२ किंवा बीआरआय१. एफएलजी२२ आधी एफएलएस२ वर बसतं, मग बीएके१ येऊन एफएलजी२२ च्या टोकाला टेकतो, तेव्हा कुठे दोघांचे आतले कायनेज कामाला लागतात. म्हणून त्याला नुसतं रिसेप्टर म्हटलेलं मला अजिबात चालत नाही, को-रिसेप्टर म्हणा, आणि जमलं तर एसईआरके३ हे त्याचं दुसरं नाव वापरा, निदान बीआरआय१ ची खाजगी मालमत्ता वाटणार नाही.

बरं, पुढे काय घडणार ते मुख्य रिसेप्टरच्या आतल्या भागावर असतं हे २००० मध्येच दिसलं होतं. बाहेरचा भाग बीआरआय१ चा आणि आतला कायनेज भाताच्या एक्सए२१ चा (जिवाणूजन्य करप्याशी लढणारा तो) असा जोड-रिसेप्टर भाताच्या पेशींत घातला आणि वरून ब्रासिनोस्टेरॉइड दिलं, तर पेशी वाढीचं सोडून बचावाच्या तयारीला लागल्या. हॉर्मोन वाढीचं, प्रतिसाद लढाईचा!

यावर हमखास प्रश्न येतो की मग एफएलजी२२ दिल्यावर रोपं खुरटतात ती बीएके१ एफएलएस२ कडे अडकून बीआरआय१ ला कमी पडल्यामुळेच ना. वाढ आणि इम्युनिटीची ओढाताण खरी आहे हो, पण ती बरीचशी संदेशाच्या पुढच्या टप्प्यावर होते, बीझेडआर१ सारख्या ट्रान्सक्रिप्शन फॅक्टरपाशी (जनुकं चालू-बंद करणारं प्रथिन). आणि अजूनही पटत नसेल तर बीएके१-५ हा म्युटंट बघा, बीएके१ च्या कायनेजमध्ये फक्त एक अमिनो आम्ल बदललेलं, एफएलजी२२ ला प्रतिसाद एकदम मंदावतो, पण ब्रासिनोस्टेरॉइडचं काम नीट चालू, रोप बुटकं वगैरे काही नाही.