व्यसन, व्यसनमुक्ती आणि कुटुंबाच्या पिढ्या

व्यसन एकाला लागते, पण घरातला प्रत्येक जण त्याच्या बेताने आपले वागणे बदलून घेतो. हे बदललेले वागणे व्यसन सुटल्यावर, किंबहुना तो व्यसनी माणूस हयात नसतानाही, पुढच्या पिढीत टिकून राहते.

यात अनुवंशाचा वाटा मोठा आहे. मानसोपचारतज्ज्ञ डोनाल्ड गुडविन यांनी १९७३ मध्ये डेन्मार्कमधील दत्तक मुलग्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. मद्यासक्त जन्मदात्यांपासून लहानपणीच दूर वाढलेल्या मुलग्यांमध्येही मद्यासक्ती इतर दत्तक मुलग्यांच्या सुमारे चौपट आढळली. तरीही व्यसनाचे असे एकच जनुक नाही, आणि अशा घरांतली पुष्कळ मुले कधीच व्यसनी होत नाहीत.

संगोपनातून जे उतरते ते सहज नजरेत येत नाही. कुलपात किल्ली कशी फिरते यावरून वडील आज किती प्यायले आहेत हे सात-आठ वर्षांचे मूल ओळखते. ‘बाबांना बरं नाहीये’ असे फोनवर न अडखळता सांगायला ते शिकते. थोरली मुलगी धाकट्यांना जेवू घालून झोपवते आणि तिच्या समंजसपणाचे कौतुक होते. खरे तर तिचे बालपण त्यात खर्ची पडलेले असते. पुढे हीच मुले आईबाप होतात. काहींच्या घरात दारूचा थेंबही नसतो, पण आवाज चढला की सगळे गप्प होतात, आणि ज्याने आजोबांना पिताना पाहिलेले नाही तो नातूही तेच शिकतो.

व्यसनमुक्तीचा काळ घराला सुखाचाच जाईल, ही अपेक्षा बहुतेकदा फोल ठरते. माणूस शुद्धीवर येतो आणि कर्तेपण परत मागतो. इतकी वर्षे घर ओढणाऱ्या बायकोला किंवा मुलीला ते सोडवत नाही. यायला अर्धा तास उशीर झाला, तोंडाला माउथवॉशचा वास आला, तरी छातीत धस्स होते. पुन्हा पिणे सुरू होणे हा या आजाराचा भागच असल्याने ती भीती अनाठायी म्हणता येत नाही. सोडणाऱ्याच्या मात्र तो अविश्वास मनाला लागतो. नातवंडांना प्रेमळ, शुद्धीतले आजोबा मिळतात तेव्हा ‘आमच्या वेळी हे कुठे होते?’ असा मुलांचा राग उफाळतो. हा राग कृतघ्नपणा नव्हे. त्याला वाट मिळायला हवी.

दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना आधार देण्यासाठीची अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस ही संघटना १९३५ मध्ये सुरू झाली. नातेवाइकांसाठी अल-ॲनॉन १९५१ मध्ये, तर किशोरवयीन मुलांसाठी अलाटीन १९५७ मध्ये आली. माणूस पीत असो वा नसो, घरच्यांना स्वतःची मदत हवी, ही त्यामागची धारणा. मुलांना वयाला पेलेल अशा शब्दांत खरे सांगणे, आणि हे तुझ्यामुळे झालेले नाही हे पुन्हा पुन्हा सांगणे, यावर समुपदेशक भर देतात. मोठ्या नातवंडांपासूनही मधुमेहासारखा हा कौटुंबिक इतिहास लपवू नये. पंधराच्या आत पिणे सुरू करणाऱ्यांत पुढे मद्यासक्ती अधिक आढळते, त्यामुळे ही माहिती त्यांना त्या वयाआधीच मिळालेली बरी.