मास्कमध्ये जीव गुदमरणे आणि रक्तात प्राणवायू कमी पडणे

मुंबई महापालिकेने ८ एप्रिल २०२० रोजी सार्वजनिक ठिकाणी मास्क सक्तीचा केला आणि महाराष्ट्रातील ही सक्ती एप्रिल २०२२ च्या सुरुवातीला उठली. या दोन वर्षांत "मास्क लावला की जीव गुदमरतो, ऑक्सिजन कमी पडतो" ही तक्रार लोकलच्या डब्यापासून गावच्या बाजारापर्यंत सगळीकडे ऐकू येत होती. सक्ती संपली तरी तक्रार संपलेली नाही. घरात क्षयरोगाचा रुग्ण असलेली माणसे, केमोथेरपी किंवा डायलिसिस चालू असलेले रुग्ण, हिवाळ्यातील धुरकट हवेत रस्त्यावर उभे राहणारे वाहतूक पोलीस आजही मास्क वापरतात, आणि गुदमरायला लागले की तो नाकाखाली ओढतात. या तक्रारीत दोन विधाने एकत्र आली आहेत. जीव गुदमरल्यासारखा होतो हे पहिले विधान बहुतेक वेळा खरे असते. ऑक्सिजन कमी पडतो हे दुसरे विधान निरोगी माणसाच्या बाबतीत जवळजवळ कधीच खरे नसते. दोन्ही विधाने एकाच दमात बोलली जात असल्यामुळे पहिल्यावर जे उपाय सहज करता येतात ते केले जात नाहीत, आणि दुसरी गोष्ट जेव्हा खरोखर घडते तेव्हा ती ओळखायला उशीर होतो.

आधी प्राणवायू कमी पडण्याचा विचार करू. रक्तातील हिमोग्लोबिनचा किती टक्के भाग प्राणवायूने भरलेला आहे, हे बोटाला लावायचे ऑक्सिमीटर दाखवते. समुद्रसपाटीच्या आसपास राहणाऱ्या निरोगी माणसात हा आकडा साधारण ९५ ते १०० टक्के असतो. तो खाली आला की आपल्याला लगेच गुदमरेल, असा आपला समज असतो. शरीराची रचना मात्र तशी नाही. श्वासाचा वेग आणि खोली ठरवताना मेंदूच्या तळाशी असलेले श्वसनकेंद्र मुख्यतः रक्तातील कार्बन डायऑक्साइडकडे पाहते. श्वास रोखून धरल्यावर काही वेळाने जी असह्य तळमळ होते, ती बव्हंशी साठत जाणाऱ्या कार्बन डायऑक्साइडमुळे होते. प्राणवायूवर लक्ष ठेवणाऱ्या लहान ग्रंथी मानेतील रोहिणी जिथे दुभंगते तिथे असतात, पण ऑक्सिमीटरवरचा आकडा ९० च्या आसपास किंवा त्याखाली येईपर्यंत त्यांचा इशारा सौम्यच राहतो.

म्हणून प्राणवायू कमी असूनही माणसाला फारसे काही न जाणवणे शक्य असते. लेह सुमारे ३,५०० मीटर उंचीवर आहे आणि तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास दोन तृतीयांश असतो. विमानाने थेट तिथे उतरलेल्या पर्यटकाचा आकडा ९० च्या आसपास किंवा त्याहून खाली असू शकतो. तरी बसल्या जागी त्याला गुदमरत नाही; त्रास होतो तो डोकेदुखी, मळमळ, थकवा आणि झोप न लागणे यांचा. याहून गंभीर उदाहरण आपण २०२० आणि २०२१ मध्ये पाहिले. कोविडचे कित्येक रुग्ण आकडा ८० च्या घरात असताना मोबाइलवर नीट बोलत होते, "मला काही त्रास नाही" असे सांगत होते, आणि काही तासांत त्यांची प्रकृती ढासळत होती. फुप्फुसातून प्राणवायू रक्तात नीट जात नव्हता, पण कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत होता, म्हणून श्वसनकेंद्राला धोका उशिरा कळत होता. प्राणवायू कमी आणि गुदमरणे नाही, अशी ही स्थिती होती.

मास्कमध्ये याच्या बरोबर उलट घडते. गुदमरणे असते आणि प्राणवायू पुरेसा असतो. ही जाणीव मनाचे खेळ म्हणून उडवून लावणे मला अन्यायाचे वाटते, कारण तिला स्पष्ट शारीरिक कारणे आहेत.

त्यांतले सर्वांत मोठे कारण चेहऱ्याच्या त्वचेत आणि नाकाच्या आतल्या अस्तरात आहे. तिथे गारवा ओळखणारे मज्जातंतू असतात, आणि आत येणारी हवा थंड लागली की मेंदू त्यावरून श्वास मोकळा चालल्याचे समजतो. नाक चोंदलेले असताना मेन्थॉल असलेला बाम लावल्यावर नाक उघडल्यासारखे वाटते. मोजून पाहिले तर नाकातून जाणारी हवा तेवढीच असते, फक्त गारव्याचे तंतू जागे झालेले असतात. दीर्घकालीन आजाराने धाप लागणाऱ्या रुग्णांना चेहऱ्यासमोर धरायचा छोटा पंखा दिला जातो तोही याच तत्त्वावर. मास्क लावल्यावर नेमका हा गारवा हरवतो. ओठांवर आणि नाकपुड्यांभोवती आपल्याच उच्छ्वासाची ऊब आणि दमटपणा राहतो, आणि हवा पुरेशी येत असतानाही ती येत नसल्याची सूचना मेंदूला मिळते. मे महिन्यात मुंबईत किंवा कोकणात बाहेरची हवाच इतकी दमट असते की मास्कच्या आतला ओलावा सुकत नाही. तिथे हा त्रास कोरड्या हवेच्या विदर्भापेक्षा वेगळ्या प्रकारे आणि लवकर जाणवतो.

दुसरे कारण म्हणजे श्वासाला होणारा अडथळा. हवा गाळणाऱ्या कापडातून ती ओढायला थोडा जास्त जोर लागतोच. एन-९५ मास्कसाठी अमेरिकेतील मानकाने हा अडथळा ठरावीक जोराच्या प्रवाहाला श्वास घेताना जास्तीत जास्त ३५ आणि सोडताना २५ मिलिमीटर पाण्याच्या दाबाइतकाच असावा अशी मर्यादा घातली आहे. शांत बसलेल्या माणसाचा श्वास चाचणीतील त्या प्रवाहापेक्षा बराच संथ असतो, म्हणून त्याला लागणारा जादा जोरही किरकोळ असतो, पण छातीच्या स्नायूंना तो समजतो. मास्क घामाने भिजला की अडथळा वाढतो, आणि भरभर जिना चढताना तो आणखी जाणवतो.

मग या अडथळ्यामुळे आत येणारा प्राणवायू कमी होत नाही का? मास्क हवा अडवत नाही, हवेतले कण अडवतो. एन-९५ ची चाचणी साधारण ०.३ मायक्रॉनच्या कणांवर घेतली जाते, कारण त्या आकाराचे कण पकडणे सर्वांत कठीण असते. प्राणवायूचा रेणू त्या कणाच्या सुमारे हजारपट लहान असतो. तंतूंमधल्या फटी तर कणांहूनही मोठ्या असतात. कण अडकतात ते तंतूंवर आदळून आणि त्यांच्यावरील स्थिर विद्युतभाराने खेचले जाऊन. वायूंचे रेणू दोन्ही दिशांनी ये-जा करत राहतात.

कार्बन डायऑक्साइड आतच साठतो ही भीतीही तपासून पाहण्यासारखी आहे. शांत श्वासात आपण सुमारे ५०० मिलिलिटर हवा आत घेतो. त्यातली सुमारे १५० मिलिलिटर हवा मास्क नसतानाही श्वासनलिकेतील आधीच्या उच्छ्वासाचीच असते. तोंडाला चिकटून बसणारा तीनपदरी मास्क यात थोडीशी भर घालतो, वाटीसारखा एन-९५ जरा जास्त घालतो, आणि शरीर श्वास किंचित खोल करून ते भरून काढते. एन-९५ घालून तासन्‌तास काम करणाऱ्या आरोग्य कर्मचाऱ्यांमध्ये कार्बन डायऑक्साइडमध्ये किंचित वाढ आणि डोकेदुखी आढळली आहे, हे मान्य करायला हवे. त्या डोकेदुखीत घट्ट पट्ट्यांचा दाब, कमी पाणी पिणे आणि लांबलेली पाळी यांचाही वाटा असतो. भाजी आणायला अर्धा तास बाहेर पडलेल्या माणसाची स्थिती यापेक्षा पुष्कळ सौम्य असते.

एक गैरसमज मला विशेष महत्त्वाचा वाटतो. मास्कमध्ये अस्वस्थ झालेला माणूस घाबरून भरभर श्वास घेऊ लागतो. त्याने कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा जास्त बाहेर टाकला जातो, रक्तातील त्याचे प्रमाण घसरते, आणि मग बोटांना व ओठांभोवती मुंग्या येतात, डोके हलके होते, छाती आवळल्यासारखी वाटते. ही कार्बन डायऑक्साइड साठल्याची खूण समजून माणूस आणखी जोरात श्वास घेतो आणि त्रास वाढतो; खरी स्थिती मात्र नेमकी उलट असते.

मास्कचा त्रास आणि प्राणवायू खरोखर कमी पडणे यांतला फरक ओळखायला पुढील गोष्टी उपयोगी पडतात. मास्कचा त्रास मास्क लावल्यावर सुरू होतो आणि मोकळ्या जागी तो काढल्यावर काही मिनिटांत ओसरतो. प्राणवायू कमी असलेल्या माणसाला मास्क काढून फरक पडत नाही. श्वास मिनिटाला २४ किंवा त्याहून अधिक वेळा चालणे, एक वाक्य एका दमात पूर्ण न होणे, ओठ किंवा जीभ निळसर दिसणे, माणूस गोंधळलेला किंवा सुस्त होणे ही मास्कची लक्षणे नव्हेत. अशा वेळी रुग्णालयात न्यावे. ऑक्सिमीटर असेल तर नेलपॉलिश काढून, हात गरम आणि स्थिर ठेवून आकडा पाहावा. सावळ्या किंवा काळ्या त्वचेवर हे उपकरण प्रत्यक्षापेक्षा जास्त आकडा दाखवू शकते, हे डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून पुढे आले, म्हणून आकडा चांगला असूनही माणूस स्पष्टपणे आजारी दिसत असेल तर आकड्यावर विसंबू नये. महाराष्ट्राच्या आरोग्य विभागाने २०२१ मध्ये सहा मिनिटे चालण्याच्या चाचणीचा प्रसार केला होता: घरात सपाट जमिनीवर सहा मिनिटे चालल्यावर आकडा ९३ च्या खाली गेला किंवा आधीपेक्षा ३ टक्क्यांहून अधिक घसरला, तर रुग्णालयात जायचे. बसल्या जागीच धाप लागत असेल तर ही चाचणी करू नये, थेट डॉक्टरांकडे जावे. ताप-खोकला असताना "मास्कमुळेच होतंय" असे म्हणून दोन दिवस काढणे हा या सगळ्या गोंधळातला सर्वांत घातक प्रकार आहे.

आता जो त्रास खरोखर मास्कचा आहे, त्याविषयी. कारण गारवा हरवणे हे असेल तर उपायही तिथेच शोधावा. गर्दीत शिरण्यापूर्वी तोंडावर गार पाण्याचा हात फिरवावा आणि चेहरा नीट कोरडा करून मगच मास्क लावावा. पंख्याच्या किंवा खिडकीच्या वाऱ्याकडे तोंड केले तरी कपाळावर आणि गालांवर वारा लागून बराच आराम मिळतो. नाकाने श्वास घेऊन ओठांचा चंबू करत सावकाश सोडावा, आणि सोडण्याचा वेळ घेण्याच्या वेळेपेक्षा लांब ठेवावा. घाबरून वाढलेला श्वास यानेच आटोक्यात येतो. मास्क लावून पहिल्यांदाच गर्दीच्या लोकलमध्ये चढण्यापेक्षा घरी टीव्ही पाहताना थोडा वेळ लावून ती ऊब ओळखीची करून घेणे चांगले. बंद जागेची भीती असणाऱ्यांना, किंवा तोंड झाकण्याशी ज्यांची एखादी वाईट आठवण जोडलेली आहे त्यांना, याचा विशेष उपयोग होतो. घरच्यांनी अशा माणसाची थट्टा करू नये.

ओला मास्क बदलणे हा सर्वांत साधा आणि सर्वांत दुर्लक्षित उपाय आहे. उन्हाळ्यात पिशवीत कागदी पाकिटात एक-दोन कोरडे मास्क ठेवावेत. कापडी मास्क रोज धुवावा. एन-९५ मात्र साबणपाण्याने धुऊ नये, कारण त्याच्या तंतूंवरील विद्युतभार जातो आणि कण पकडण्याची क्षमता घटते. मास्क नाकापासून थोडा उभा राहील अशा आकाराचा असला, तर ओले कापड श्वासागणिक ओठांना चिकटत नाही. कानांमागे दुखत असेल तर दोन्ही नाड्या मानेमागे हुकने जोडाव्यात किंवा डोक्यामागून जाणाऱ्या पट्ट्यांचा मास्क घ्यावा. चष्म्यावर वाफ धरणे म्हणजे उच्छ्वास वरच्या कडेने निसटत असल्याची खूण आहे. नाकावरची तार दोन बोटांनी नीट दाबून बसवावी, चष्मा मास्कच्या कडेवर ठेवावा, आणि काचा साबणपाण्यात बुडवून, झटकून, हवेवर सुकू द्याव्यात. मास्क नाकाखाली ओढल्याने वाफ थांबते आणि गारवाही मिळतो, पण माणूस बहुतांश श्वास नाकानेच घेतो, म्हणून तसा लावलेला मास्क लावणाऱ्याचे रक्षण करत नाही.

व्हॉल्व्हचा एन-९५ पुष्कळांना सुसह्य वाटतो, कारण उच्छ्वास झडपेतून थेट बाहेर पडतो. धुळीपासून किंवा धुरापासून स्वतःला वाचवायचे असेल तर तो चालतो. आपल्यापासून दुसऱ्याला संसर्ग होऊ नये म्हणून मास्क लावायचा असेल तर तो योग्य नाही, कारण झडपेतून जाणारा उच्छ्वास गाळला जात नाही; केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालकांनी जुलै २०२० मध्ये राज्यांना याबाबत लेखी सावध केले होते. क्षयरोगाच्या रुग्णाने साधा तीनपदरी मास्क लावावा आणि त्याची शुश्रूषा करणाऱ्याने एन-९५, अशी वाटणी केल्यास रुग्णाला श्वासाचा त्रासही कमी होतो.

काही माणसांच्या बाबतीत मात्र गुदमरणे आणि प्राणवायू कमी पडणे ही दोन टोके जवळ येतात. पाच वर्षे किंवा त्याहून लहान मुलांना मास्कची शिफारस आपल्या आरोग्य यंत्रणेने केलेली नाही, आणि स्वतःच्या हाताने मास्क काढता न येणाऱ्या कोणालाही तो लावू नये. धावणे किंवा जोराचा व्यायाम करताना मास्क नको. तो मोकळ्या जागी, अंतर राखून करावा. दमा नियंत्रणात असलेल्या बहुतेकांना तीनपदरी मास्क चालतो, पण सीओपीडीच्या (श्वासमार्ग अरुंद होण्याच्या फुप्फुसाच्या दीर्घकालीन आजाराच्या) तीव्र रुग्णाची श्वास वाढवण्याची राखीव ताकद कमी असते आणि एन-९५ चा छोटासा अडथळाही त्याला जड जाऊ शकतो. कोणता मास्क किती वेळ लावायचा, हे अशा रुग्णाने आपल्या छातीच्या डॉक्टरांना विचारून ठरवावे. ऑक्सिमीटरवरचा त्याचा नेहमीचा आकडाही त्याच भेटीत लिहून घ्यावा, कारण यांपैकी काही रुग्णांसाठी डॉक्टर ८८ ते ९२ टक्के हेच लक्ष्य ठेवतात, आणि इतरांसाठी धोक्याचा असलेला आकडा त्यांच्यासाठी रोजचा असू शकतो.