भाट्याच्या पुलावरचे पाहुणे आणि उशिरा उघडणारी वही

भाद्रपदाच्या वद्य पंधरवड्यात कोकणातलं घरन्‌घर एकाच पक्ष्याची वाट बघतं. केळीच्या पानावर वाढून ठेवलेलं असतं, घरातलं कोणीतरी ‘काऽव काऽव’ करून घसा कोरडा करतं आणि कावळा शेजारच्या माडावर बसून मजा बघतो. त्याच दिवसांत रत्नागिरीत भाट्याच्या पुलाखाली, ओहोटीने उघड्या पडलेल्या चिखलात थेट मध्य आशिया-सैबेरियाकडून आलेली पाखरं उतरलेली असतात. त्यांच्याकडे बघायला त्या वेळी कोणाला सवड नसते. ही गोष्ट आजची नाही.

दक्षिण कोकणातल्या पक्ष्यांची पहिली पद्धतशीर यादी १८८० साली छापली गेली. ती करणारा जी. डब्ल्यू. व्हिडाल हा सनदी अधिकारी. यादी आली ‘स्ट्रे फेदर्स’ या नियतकालिकात आणि ते चालवणारा होता ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम, पुढे १८८५ साली काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारा तोच. तेव्हा पक्षी ‘पाहणं’ म्हणजे बंदुकीने पाडून, कातडं सोलून, चिठ्ठी बांधून ठेवणं. दुर्बिणीतून दिसला यावर कोणी विश्वास ठेवत नसे. पण मला खटकतं ते वेगळंच. पावसाळ्यात किनाऱ्यावरच्या आगबोटी बंद असत आणि साहेबांचे दौरे, तंबू, घोडे हे सगळं हलायचं ते थंडी पडल्यावर. मधले सप्टेंबर-ऑक्टोबर, म्हणजे ज्या दिवसांत कितीतरी पक्षी नुसते वाटेने जात असतात, ते निसटून जात असणार. हा माझा तर्क आहे. पण युरोपीय नीलपंखासारखा आफ्रिकेकडे निघालेला पक्षी पश्चिम भारतावरून याच सुमाराला जातो. नोव्हेंबरात तंबू ठोकणाऱ्याला तो कुठला भेटणार?

१८८३ साली मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी निघाली आणि नोंदींना घर मिळालं. तरी कोकणच्या पावसात बसून पक्षी बघायची हौस कोणाला असेल, तर ती सलीम अलींना. १९३० साली जर्मनीहून परतल्यावर हाताला नोकरी नव्हती, म्हणून ते अलिबागजवळच्या किहीमला राहायला गेले आणि सुगरणीच्या घरट्यांसमोर ठाण मांडून बसले. एक नर अर्धवट घरटं विणतो, मादी येऊन ते पसंत करते, मग तो ते पुरं करून लगेच दुसरं विणायला घेतो आणि दुसरीची वाट बघतो, हा सगळा संसार त्यांनी तिथे टिपला. इथे पक्षी मारायची गरजच नव्हती, नुसतं बसायचं होतं. कोकणातल्या पक्षीनिरीक्षणाला खरं वळण मिळालं ते इथे, असं मी मानतो.

पाहुणे येतात कुठून, याचं उत्तर मात्र एका रोगामुळे मिळालं. १९५७ साली कर्नाटकात क्यासनूरच्या जंगलात गोचिडांमार्फत पसरणारा ताप आढळला. त्याचे विषाणू स्थलांतर करणारे पक्षी आणतात की काय, या शंकेपोटी जागतिक आरोग्य संघटनेने पैसा दिला आणि सोसायटीने १९५९ पासून पक्ष्यांच्या पायात कडी घालण्याचं काम मोठ्या प्रमाणावर हाती घेतलं. कडी घातलेले पक्षी पुढे मध्य आशियात, सैबेरियात सापडत गेले. तो ताप म्हणजे आपल्या सिंधुदुर्गातल्या दोडामार्गच्या लोकांनी २०१६ साली अनुभवलेला माकडताप.

कड्यांच्या जोडीला पुढे उपग्रह आला. नागालँडमध्ये २०१३ साली तीन अमूर ससाण्यांच्या पाठीवर यंत्रं बसवली, त्यांना नावं दिली नागा, पांगती आणि वोखा. पारव्याएवढा हा पक्षी महाराष्ट्रावरून येतो आणि अरबी समुद्र एका दमात ओलांडून आफ्रिकेत उतरतो. म्हणजे नोव्हेंबरात आपल्या डोक्यावरून.

नोव्हेंबरच्या याच दिवसांत, २०२० पासून, राज्य सरकारचा पक्षी सप्ताह असतो. ५ नोव्हेंबर हा अरण्यावर लिहिणाऱ्या मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस, १२ नोव्हेंबर सलीम अलींचा. योग उत्तम आहे, पण तोवर आमच्याकडचा अर्धा हंगाम उरकलेला असतो. तुतवार श्रावणातच येतो. खाडीच्या दगडावर उतरला की अंगाचा मागचा भाग खालीवर, खालीवर, शिवणयंत्रासारखा. गणपतीच्या आसपास करडा धोबी, मग विजेच्या तारांवर माळभिंगऱ्यांची रांग. ऑक्टोबरात मिरकरवाडा बंदरात ट्रॉलरमागे कुरव, म्हणजे समुद्रपक्षी. सड्यावरचं, म्हणजे कातळपठारावरचं, गवत पिवळं पडेस्तोवर त्यावरून भोवत्या हा शिकारी पक्षी तरंगू लागलेला असतो. २०१८ पासून जगभर ऑक्टोबरातही एक दिवस मोजणी होते, ‘ई-बर्ड’ या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर मोबाइलवरून नोंद करता येते, त्याने थोडी भर पडते. मासेमार तर कधीपासून समुद्रावरच्या पाखरांच्या घिरट्या बघून खाली मासळी आहे हे ओळखत आलेत. ते ज्ञान वहीत नाही, जाळ्यात उतरलं.

दुसऱ्यांना नावं ठेवावीत तर माझ्या वहीतही सप्टेंबरची पानं विरळच आहेत. पाऊस, गणपती, पाहुणे (माणसांतले), आणि एकदा तर छत्रीखाली काचा धुरकटल्याने दुर्बीणच आंधळी झालेली. त्या दिवशीच्या पानावर एवढंच आहे: ‘भाट्ये, सकाळी ७, ओहोटी. तुतवार २. पलीकडे बारीक चिखल्यांचा थवा होता, सर आली, मोजायचा राहिला.’