टँकचं सगळं पाणी दर रविवारी बदलायचं का?

"दर आठवड्याला फिशटँक पूर्ण रिकामा करा, फिल्टर नळाखाली घासून धुवा, मासे जास्त जगतात" हे वर्षानुवर्षं फिरतंय. वाटणं साहजिकच आहे, स्वच्छ म्हणजे चांगलं ना. पण मासे अमोनिया सोडतात (कल्ल्यांमधूनच जास्त), तो विषारी, आणि फिल्टरच्या स्पंजवर, खडीवर बसलेले बॅक्टेरिया त्याचं आधी नायट्राइट मग नायट्रेट करतात, ते बरंच कमी घातक आणि झाडांना खत पण होतं. आता पुण्यात नळाला कॉर्पोरेशनचं क्लोरीनवालं पाणी, त्यात स्पंज घासला की हे बॅक्टेरियाच मरतात. म्हणून आठवड्याला 20-30 टक्केच पाणी बदला, नवीन पाण्यातलं क्लोरीन घालवून, आणि स्पंज टँकमधून काढलेल्या पाण्यातच पिळा. खात्री करायचीय? अमोनिया टेस्ट किट आणा, धुण्याआधी आणि दोन दिवसांनी मोजा, जम बसलेल्या (म्हणजे हे बॅक्टेरिया पुरेसे वाढलेल्या) टँकमध्ये आकडा शून्यच यायला हवा.