गीझर दिवसभर चालू ठेवला की वीज वाचते?

‘गीझर चालू-बंद केला की जास्त वीज खातो, त्यापेक्षा दिवसभर चालूच ठेवा.’ सोलापुरात जरा थंडी पडली की हा सल्ला फिरतो. पटतोही, कारण पाणी तापताना मीटरचा दिवा भराभर लुकलुकतो.

पण १५ लिटर पाणी २५ वरून ६० अंशांवर न्यायला साधारण ०.६ युनिट लागतं, तेही एकदाच. गरम टाकी मात्र सतत उष्णता सोडते आणि थर्मोस्टॅट पुन्हा पुन्हा वीज घेऊन ती भरून काढतो. बंद टाकी निवत जाते, तशी ही गळतीही घटते.

घरीच बघा. तापलेला गीझर चालू ठेवा, फ्रिजसकट बाकी सगळं बंद करा, गरम नळ उघडू नका. काही तासांत गीझर मधूनच आपोआप तापायला लागेल आणि मीटरचा दिवा भराभर लुकलुकताना दिसेल, पाणी थेंबभरही न वापरता.