घोट्यातलं जादा हाड आणि दुर्बीण

लहान मुलाच्या घोट्याची एकच बाजू, बहुधा आतली, फुगत जाते. दुखणं फारसं नसतं, पण पाऊल वाकडं पडू लागतं. एक्स-रेमध्ये हाडाच्या टोकाला चिकटलेला कूर्चेचा (सांध्यातल्या हाडांवरच्या गुळगुळीत, लवचिक थराचा) आणि हाडाचा उंचवटा दिसतो. हा ट्रेव्हरचा आजार. दहा लाखांत एखाद्यालाच होणारा, आणि मुलींपेक्षा मुलग्यांत साधारण तिप्पट.

त्याचं बारसं तीनदा झालं. 1926 मध्ये मूशे आणि बेलो या फ्रेंच डॉक्टरांनी त्याला ‘टार्सोमेगाली’ म्हटलं. 1950 मध्ये डेव्हिड ट्रेव्हर या ब्रिटिश शल्यविशारदांनी दुसरं नाव दिलं. 1956 मध्ये फेअरबँक यांनी ‘डिस्प्लेझिया एपिफिसिआलिस हेमिमेलिका’ हे नाव ठेवलं. उच्चारायला अवघड, पण नेमकं: अवयवाच्या अर्ध्याच बाजूला हाडाच्या टोकाची बिघडलेली वाढ. हा आजार आनुवंशिक नाही, कर्करोगही नाही. घाबरलेल्या आईवडिलांना हे आधी सांगायला हवं.

ही गाठ काही वेळा सांध्यात बारीक दुर्बीण घालून काढतात. त्या दुर्बिणीची गोष्ट वेगळीकडे सुरू होते. 1918 मध्ये टोकियोत केंजी ताकागी यांनी मूत्राशय तपासायची दुर्बीण मृतदेहाच्या गुडघ्यात घालून पाहिली. कारण सांध्याच्या क्षयानं गुडघे आखडले की जमिनीवर बसणाऱ्या जपानी माणसाचं जगणंच अडायचं. मांडी घालून जेवणाऱ्या आपल्याला हे वेगळं समजावायला नको. घोट्याच्या वाट्याला मात्र नकार आला. 1931 मध्ये न्यूयॉर्कच्या बर्मन यांनी मृतदेहांवर प्रयोग करून हा सांधा दुर्बिणीसाठी फारच अरुंद असल्याचं मत दिलं. ते खोडायला बारीक दुर्बिणी याव्या लागल्या. 1972 मध्ये ताकागींचे शिष्य मासाकी वातानाबे यांनी 28 घोट्यांच्या तपासण्या प्रसिद्ध केल्या.

आता घोट्याच्या पुढच्या बाजूला दोन छोटी छिद्रं पाडून एकातून दुर्बीण, दुसऱ्यातून अवजार घालतात आणि गाठ काढतात. बाहेरच्या छिद्राजवळ पायाच्या वरच्या भागाला संवेदना देणारी नस असते, ती जपावी लागते. मोठा छेद टळतो, सांधा लवकर हलवता येतो.

पण प्रत्येक गाठ अशी निघत नाही. ती सांध्याच्या पृष्ठभागातच मिसळली असेल तर खरवडताना चांगली कूर्चाही जाते. म्हणून आधी एमआरआय करून गाठ आणि मूळ हाड यांच्यात फट आहे का ते बघतात. त्रास नसेल तर नुसतं लक्ष ठेवतात. काढलेली गाठ पुन्हा वाढू शकते, त्यामुळे हाडांची वाढ पुरी होईपर्यंत तपासणीच्या फेऱ्या चालूच राहतात.