पुन्हा गुन्हा, थेट जन्मठेप: या मागणीमागचा इतिहास

आमच्या ग्वाल्हेरच्या लष्कर भागात कुठे छुरेबाजी झाली, कुणाचा जीव गेला आणि दुसऱ्या दिवशी पेपरात 'आरोपी आदतन अपराधी', म्हणजे सराईत गुन्हेगार, अशी ओळ आली, की महाराजबाड्यावरच्या चहाच्या टपरीपासून गणपतीच्या मांडवापर्यंत एकच बोलणं सुरू होतं. असल्याला पहिल्याच वेळी कायमचा आत का नाही टाकला? दुसऱ्यांदा कुणाच्या अंगावर हत्यार घेऊन गेला की सरळ उम्रकैद, जजसाहेबांच्या मर्जीवर काही ठेवूच नका. हा संताप खरा आहे. ज्या घरातला माणूस गेला त्या घराला दंडसंहितेची कलमं ऐकवण्याची माझी छाती होत नाही. पण असा कायदा आपल्याकडे कधी झालाच नाही, हे जे धरून चालतात ते चूक आहे. असा कायदा इथे होता, अनेक रूपांत होता, आणि तो कुणावर चालला हे ग्वाल्हेरच्या माणसाला तरी ठाऊक असायला हवं.

सुरुवात ठगांपासून करावी लागते. 1836 चा तिसावा कायदा कंपनी सरकारने केला तो जेमतेम पानभराचा. एखादा माणूस ठगांच्या टोळीत होता एवढं शाबीत झालं की सक्तमजुरीसह जन्मठेप. त्याने स्वतः कुणाचा गळा आवळला का, हे विचारायचंच नाही. टोळीत तो कायदा होण्यापूर्वी होता की नंतर, आणि कंपनीच्या मुलुखात होता की बाहेर, यानेही फरक पडत नव्हता. 'बाहेर' म्हणजे शिंद्यांचा, होळकरांचा मुलूख. पुरावा बहुतेक माफीच्या साक्षीदारांचा. ठगी मोडली हे खरं. पण न्यायाधीशाला शिक्षा मोजायचीच नाही, ही पद्धतही त्याच पानावर आपल्या कायद्यात शिरली.

1860 च्या दंडसंहितेत दुसऱ्यांदा गुन्हा करणाऱ्यासाठी कलम 75 आलं. वकिलांखेरीज फारसं कुणाला हे कलम माहीत नसतं, आणि ज्यांना माहीत असतं त्यांनाही त्यातली मेख पहिल्या वाचनात दिसत नाही. ते लागू होतं संहितेच्या फक्त दोन प्रकरणांतल्या गुन्ह्यांना: नाणी-मुद्रांकांचे गुन्हे आणि मालमत्तेचे गुन्हे. त्यांपैकी तीन वर्षं किंवा अधिक कैदेच्या गुन्ह्यात एकदा शिक्षा झालेला माणूस तशाच गुन्ह्यात पुन्हा सापडला, तर शिक्षा जन्मठेपेपर्यंत किंवा दहा वर्षांपर्यंत वाढवता येते. दरोडा यात येतो, कारण तो मालमत्तेच्या प्रकरणात आहे. पण चाकू मारणं, हाड मोडणं, खुनाचा प्रयत्न हे शरीराविरुद्धचे गुन्हे सगळे प्रकरण 16 मध्ये, आणि प्रकरण 16 या कलमात नाहीच. घरफोड्या दुसऱ्यांदा पकडला गेला तर कायदा डोळे वटारतो, दुसऱ्यांदा माणसाला भोसकणाऱ्यासाठी या कलमात एक अक्षर नाही. साहेबाच्या राज्यात तिजोरी आणि टांकसाळ आधी होती, हे यातून स्वच्छ दिसतं. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, तिच्यात हेच कलम 13 म्हणून जसंच्या तसं बसलं आहे. दीडशे वर्षांनी नवी संहिता लिहिताना ही जागा मोकळी राहावी, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

हा जुनाच आरोपी आहे हे ओळखायचं कसं, हा प्रश्न याच कलमासोबत आला. नाव बदललं, जिल्हा बदलला की माणूस नवा. त्या अडचणीतूनच बोटांच्या ठशांचं शास्त्र इथे उभं राहिलं. 1897 साली कलकत्त्यात ठशांचा विभाग सुरू झाला, जगातला पहिला. वर्गवारीची पद्धत एडवर्ड हेन्रीच्या नावाने ओळखली जाते, तरी तिचं मोठं काम अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोघांनी केलं.

आता सगळ्यात कडू भाग. तिसऱ्यांदा शिक्षा झाली की जन्मभर कैद, हे अमेरिकेतून आलेलं खूळ आहे असं आपण समजतो. ते आपल्याकडे अमेरिकेतल्या 1993-94 च्या कायद्यांच्या कितीतरी आधी छापलेलं होतं, पण सर्वांसाठी नव्हे. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने काही समाज जन्मतःच गुन्हेगार ठरवले. पुढच्या आवृत्त्यांत, 1924 च्या कायद्याच्या कलम 23 मध्ये, असा नियम होता: नोंदलेल्या जमातीचा माणूस ठरावीक गुन्ह्यांत दुसऱ्यांदा दोषी ठरला तर किमान सात वर्षं, तिसऱ्यांदा ठरला तर जन्मभर काळं पाणी. न्यायाधीशाला यापेक्षा कमी द्यायची तर निकालपत्रात खास कारण लिहायचं. तोच दरोडा, तोच हात, पण ठाकूर-बामणाचा पोरगा असेल तर शिक्षा मोजून मिळणार, पारधी किंवा कंजर असेल तर ठरलेली. 31 ऑगस्ट 1952 ला हा कायदा गेला आणि त्या जमाती विमुक्त म्हणवल्या जाऊ लागल्या. त्याच्या जागी राज्याराज्यांत सराईत गुन्हेगारांचे कायदे आले. पोलीस ठाण्यातल्या 'निगरानी बदमाश', म्हणजे पाळतीवरच्या गुंडांच्या, यादीत आजही त्याच वस्त्यांची नावं आधी चढतात, हे इथे राहणाऱ्या कुणालाही विचारा. महाराष्ट्रात जे तडीपार, ते आमच्याकडे जिलाबदर, आणि त्यासाठी शिक्षा झालेलीच असावी लागत नाही.

शिक्षा सक्तीची करण्याचा सगळ्यात टोकाचा प्रयोग दंडसंहितेतच होता. जन्मठेप भोगणाऱ्याने खून केला तर फाशीच, दुसरा पर्याय नाही, असं कलम 303 सांगत होतं. तुरुंगातल्या कर्मचाऱ्यांना संरक्षण मिळावं हा त्यामागचा हेतू असावा, असं विधी आयोगाने 1971 च्या बेचाळिसाव्या अहवालात म्हटलं. एप्रिल 1983 मध्ये मिठू विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठाने ते कलम घटनाबाह्य ठरवलं. सरन्यायाधीश यशवंत विष्णु चंद्रचूड, आपल्या पुण्याचे. मुद्दा साधा होता: खून कशातून झाला, चिथावणी होती का, आधीची जन्मठेप कशासाठी होती, यातलं काहीच बघायची मुभा नसेल तर शिक्षेवर आरोपीचं म्हणणं ऐकण्याला अर्थ काय राहतो? नव्या संहितेत या कलमाची जागा कलम 104 ने घेतली. त्यात फाशी किंवा जन्मठेप असा पर्याय आहे, मात्र जन्मठेप म्हणजे नैसर्गिक आयुष्य संपेपर्यंत.

जन्मठेप म्हणजे नेमकं काय, या प्रश्नाला ग्वाल्हेरचाही धागा आहे. गांधीहत्येचं पिस्तूल आमच्या शहरातून गेलं. त्या खटल्यात जन्मठेप झालेला गोपाळ गोडसे सूट मिळून आपली वीस वर्षं भरली असं म्हणत सर्वोच्च न्यायालयात गेला. जानेवारी 1961 मध्ये उत्तर मिळालं: जन्मठेप म्हणजे उरलेलं सगळं आयुष्य. हिशोबासाठी कुठे वीस वर्षं धरली जातात, तेवढ्याने कैद्याला सुटण्याचा हक्क मिळत नाही. सरकारने सूट दिली तरच दार उघडतं. त्याच्यासाठी ते 1964 मध्ये उघडलं. पुढे 1976 मध्ये आमच्याच मध्य प्रदेशातल्या रतनसिंग खटल्यात हेच पुन्हा ठरलं. 'चौदा वर्षांनी सुटतो' ही जी समजूत आहे, ती 1978 च्या दुरुस्तीतून पसरली. ज्या गुन्ह्याला फाशीही होऊ शकते त्यातल्या जन्मठेपेच्या कैद्याला चौदा वर्षांच्या आत सोडायचं नाही, एवढंच ती म्हणते. चौदाव्या वर्षी सोडा, असं कुठेही लिहिलेलं नाही.

चंबळ मात्र या सगळ्या मांडणीत बसत नाही, आणि त्याबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं. 1960 च्या मे महिन्यात विनोबा भिंड-मुरैनाच्या बीहडात, म्हणजे चंबळच्या दऱ्याखोऱ्यांत, पायी फिरले आणि वीस बागींनी, म्हणजे तिथल्या दरोडेखोरांनी, त्यांच्यापुढे बंदुका ठेवल्या. 14 एप्रिल 1972 ला जौऱ्याच्या आश्रमात जयप्रकाशांसमोर माधोसिंग, मोहरसिंग आणि त्यांचे साथीदार आले. एकेकाच्या नावावर खून, अपहरण, दरोड्यांचे ढीगभर गुन्हे. पुन्हापुन्हा हिंसा करणारा माणूस म्हणजे कोण, याचं यांच्याहून ठळक उदाहरण सापडायचं नाही. फाशी होणार नाही हा शब्द त्यांना मिळाला, खटले चालले, शिक्षा झाल्या, अनेकांना मुंगावलीच्या खुल्या जेलमध्ये ठेवलं. मोहरसिंग आठ वर्षांनी सुटला आणि पुढे मेहगावच्या नगरपालिकेचा अध्यक्ष झाला. ज्यांची माणसं मारली गेली त्यांना यात न्याय मिळाला का? माझं उत्तर 'नाही' असंच आहे. त्यांच्याकडे त्या वेळी कुणी पुरेसं पाहिलंही नाही. पण शिक्षा सक्तीची असती तर एकही बंदूक खाली आली नसती, हेही तितकंच खरं. नंतर 1981 मध्ये राज्याने डकैतीचा वेगळा कायदा केला. आजही आमच्या भागातल्या एफआयआरमध्ये त्याची '11/13' ही कलमं जोडली गेली की वकील जामिनाची आशा कमी करून सांगतात.

परदेशात 1993 मध्ये वॉशिंग्टन राज्याने आणि 1994 मध्ये कॅलिफोर्नियाने तिसऱ्या गुन्ह्याला जन्मभर कैदेचे कायदे केले. कॅलिफोर्नियात तिसरा गुन्हा हिंसकच असावा अशी अट नव्हती, त्यामुळे तीन गोल्फच्या काठ्या चोरणाऱ्याला पंचवीस वर्षं ते जन्मठेप झाली आणि 2003 मध्ये त्यांच्या सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. 2012 मध्ये मतदारांनीच तो कायदा सौम्य केला.

आपल्याकडे हिंसेच्या बाबतीत खरी सक्ती आली ती 2013 मध्ये, दिल्लीतल्या सामूहिक बलात्काराच्या घटनेनंतर. कलम 376-ई: बलात्काराची शिक्षा झालेला माणूस पुन्हा त्याच गुन्ह्यात दोषी ठरला तर आयुष्यभराची कैद किंवा फाशी, त्याहून कमी काही नाही. नव्या संहितेत ते कलम 71 आहे. पहिला वापर मुंबईच्या शक्ती मिलच्या खटल्यात झाला. तिथे दोन्ही गुन्हे एकाच पावसाळ्यातले आणि दोन्ही निकाल एकाच दिवशी लागले. मग 'आधी शिक्षा होऊनही सुधारला नाही' असं म्हणता येतं का, हा वाद झाला. मुंबई उच्च न्यायालयाने 2019 मध्ये कलम वैध ठरवलं, आणि नोव्हेंबर 2021 मध्ये तिघांची फाशी रद्द करून नैसर्गिक आयुष्यभराची कैद दिली.

कायदा कडक करण्याच्या चर्चेत जी गोष्ट कुणी काढत नाही ती मी जवळून पाहिली आहे. माझे काका ग्वाल्हेरच्या जयेंद्रगंजात वकिली करत. एका छुरेबाजीच्या खटल्यात त्यांच्याकडे फिर्यादीची आई यायची, पिशवीत जुनं वर्तमानपत्र घेऊन. आरोपीला दुसऱ्या जिल्ह्यात अशाच प्रकरणात शिक्षा झाल्याची बातमी त्यात होती. कायद्याने आधीची शिक्षा आरोपपत्रात लिहावी लागते, पण वाढीव शिक्षा मागायची असली तरी आरोपी दोषी ठरेपर्यंत कोर्टात तिचा उच्चारही करायचा नाही, म्हणजे न्यायाधीशाचं मन आधीच कलुषित होत नाही. दोषी ठरल्यावर निकालाची प्रमाणित नक्कल किंवा जेलचा दाखला, आणि तो माणूस हाच आहे याचा पुरावा. तिथल्या नकल विभागातून कागद काही आला नाही. शिक्षेवर युक्तिवाद झाला त्या दिवशी सरकारी बाजूने सांगितलं, पूर्वीची दोषसिद्धी अभिलेखावर नाही. 'प्रथम अपराध' धरून शिक्षा सुनावली गेली. बाईंनी ते वर्तमानपत्र चौघडी करून पिशवीत परत ठेवलं. नक्कल अडीच महिन्यांनी टपालाने आली. काकांनी ती फाइलला लावली आणि मुंशीला सांगितलं, अपिलात जोडायला बाहेरच राहू दे.